रात्रीच्या संगीतात जागे कोण असते?



प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात एक लहानसा तपशील आहे. पौल आणि सीला यांना फटके मारून फिलिप्पैच्या तुरुंगात टाकले आहे, त्यांचे पाय खोड्यात अडकवले आहेत, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे प्रार्थना करीत देवाची स्तोत्रे गात आहेत. पुढे भूकंप होतो, दारे उघडतात, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा होतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्रवचनात आम्हीही बहुधा घाईने तिथेच पोहोचतो. पण भूकंपाच्या आधी संत लूक एक गोष्ट नोंदवून ठेवतो : इतर कैदी ते गाणे ऐकत होते. ते कैदी कोण, त्यांचा धर्म कोणता, ते काही आपल्याला कळत नाही. अंधारात कुणीतरी गात होते आणि कुणीतरी ऐकत होते, एवढेच.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यात आपल्या वाड्यावाड्यांतून संध्याकाळनंतर जपमाळ होते, म्हणून अभ्यासाच्या पानासाठी आम्ही यंदा रात्रीचेच संगीत निवडले आहे. मात्र चर्चमधले नव्हे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात ज्याला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात, त्यातले. चेंबर म्हणजे खोली. चार-पाच-सहा वादक, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ, पुढे काठी घेऊन उभा राहणारा संचालक नाही. एकमेकांकडे बघत, एकमेकांचा श्वास ओळखत वाजवायचे. घरच्या दिवाणखान्यात मावेल एवढेच हे संगीत. मोठ्या ऑर्केस्ट्राचे वादन हे भाषण म्हटले, तर हे ओटीवरचे बोलणे आहे.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. गोव्यातल्या पॅरिश शाळांत मुलांना पिढ्यान्पिढ्या सोल्फा आणि व्हायोलिन शिकवले गेले. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद उभा केला, आणि जी गाणी आपण लहानपणापासून ऐकत आलो त्यांतली व्हायोलिने बऱ्याच वेळा त्यांचीच होती.

एक फरक आधी सांगितला पाहिजे. आपल्या हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. यमन दिवेलागणीनंतरचा, बागेश्री रात्रीची, मालकंस मध्यरात्रीनंतरचा. गायकाला ‘ही रात्र आहे’ असे वेगळे सांगावे लागत नाही, राग ते सांगतो. पाश्चात्त्य संगीतात असा नियम नाही. तिथे रचनाकाराला रात्र हवी असेल तर ती त्याला कुठून तरी आणावी लागते : शीर्षकातून, एखाद्या घंटेच्या आवाजातून, एखाद्या कवितेतून. म्हणून अशी रचना ऐकताना आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारतो. या रात्रीत जागे कोण आहे?

पहारेकरी आणि सहा गरीब वादक

ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या पदरी बीबर नावाचा व्हायोलिनवादक होता (1644–1704). जपमाळेच्या पंधरा रहस्यांवर व्हायोलिनच्या पंधरा रचना करणारा तो हाच. त्याच्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. 1673 मध्ये त्याने पाच तंतुवाद्यांसाठी एक सेरेनेड लिहिले. ते चालू असता मध्येच एक माणूस प्रवेश करतो आणि खर्जातल्या आवाजात गाऊ लागतो. तो गावचा पहारेकरी आहे. नऊ वाजल्याचे सांगतो, मग दहा वाजल्याचे. लोकांना देवाचे आणि मरियामातेचे स्मरण करायला सांगतो आणि निघून जातो. त्या वेळी वादक गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडतात. ज्या काळी घरोघरी घड्याळ नव्हते, त्या काळी वेळ सांगणारा माणूस देवाचे नावही घेत असे. (आपला ‘पहारा’ हा शब्दही ‘प्रहर’ वरूनच आलेला आहे.) एकशे तिसाव्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणारे जे पहारेकरी भेटतात, त्यांच्यापैकीच हा एक म्हणायचा.

बीबरनंतर शंभर वर्षांनी त्याच साल्झबुर्गचा मोत्झार्ट. त्याचे ‘छोटेसे रात्रसंगीत’ (आइने क्लाइने नाख्टमुझिक, 10 ऑगस्ट 1787) तुम्ही सर्वांनी ऐकलेले आहे, मग नाव माहीत असो वा नसो. ते आता फोनवर, जाहिरातींत, लग्नाच्या हॉलमध्ये सगळीकडे वाजते. आम्हाला त्याहून जवळची वाटते ती त्याच्या आधीची एक गोष्ट. 1781 साली, 15 ऑक्टोबरला, म्हणजे संत तेरेजाच्या सणाच्या दिवशी, व्हिएन्नातील एका घरातील बाईसाठी त्याने सहा फुंकवाद्यांचे एक सेरेनेड लिहून दिले. त्या रात्री वादकांनी ते एका ठिकाणी वाजवले, मग लोकांनी त्यांना दुसरीकडे नेले, मग तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना पैसे मिळाले. पंधरवड्यानंतर 31 ऑक्टोबरला संत वोल्फगांगचा सण, म्हणजे मोत्झार्टच्या स्वतःच्या नावाचा दिवस आला. रात्री अकरा वाजता तो कपडे उतरवून झोपायच्या तयारीत असताना खालच्या चौकातून त्याचीच रचना ऐकू आली. त्या सहाजणांनी फाटक उघडून घेतले होते आणि चौकाच्या मधोमध उभे राहून ते वाजवीत होते. मोत्झार्टने वडिलांना पत्रात हे सगळे कळवले आणि ते सहाजण बिचारे गरीब असले तरी फार छान वाजवतात, असेही लिहिले.

ज्या रचनेने त्यांना एका रात्री तीन घरची कमाई मिळवून दिली, ती त्यांनी रचणाऱ्यालाच नेऊन ऐकवली. नावाच्या संताच्या सणाला रात्री दाराशी जाऊन गाणे, ही प्रथा आपल्याकडच्या जुन्या माणसांना समजावून सांगावी लागणार नाही.

माद्रिदचा रस्ता

आता ज्या रचनेसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळतो. लुइजी बोक्केरीनी हा 1743 मध्ये इटलीतील लुक्का येथे जन्मला. चेलो हे त्याचे वाद्य. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचा. नशीब त्याला स्पेनमध्ये घेऊन आले आणि 1770 पासून तो स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याचा धाकटा भाऊ डॉन लुईस याच्या पदरी होता.

या डॉन लुईसची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तो आठ वर्षांचा असताना 1735 मध्ये त्याला कार्डिनल करण्यात आले होते! राजघराण्याने मुलासाठी केलेली ती सोय होती. त्यात पाचारणाचा संबंध नव्हता, आणि आपल्या चर्चच्या इतिहासातले हे पान काही अभिमानाने वाचण्याजोगे नाही. मोठेपणी, 1754 मध्ये, त्याने स्वतःच ते पद सोडले. पुढे 1776 मध्ये त्याने राजघराण्यातली नसलेल्या एका मुलीशी विवाह केला, तेव्हा राजाने परवानगी दिली, पण दरबारापासून दूर राहण्याची अट घातली. मग डॉन लुईस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आरेनास दे सान पेद्रो या लहान गावी राहू लागला, आणि त्याच्याबरोबर बोक्केरीनीही.

तिथे, माद्रिदपासून दूर, 1780 च्या सुमारास बोक्केरीनीने पाच तंतुवाद्यांसाठी ‘माद्रिदच्या रस्त्यांवरचे रात्रसंगीत’ लिहिले. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, दोन चेलो. सगळे मिळून बारा-तेरा मिनिटांचे काम. ज्या शहरात आता राहता येत नाही, त्या शहराची रात्र त्याने आठवणीतून काढली. ऐकताना हे लक्षात ठेवावे. पोटासाठी मस्कतला, दुबईला, जहाजावर गेलेली आपली माणसे फोनवर आधी काय विचारतात? चर्चची घंटा झाली का, सणाची तयारी कुठवर आली, बँड कोणता आणला.

बोक्केरीनीची सुरुवात घंटेनेच होते, आणि तीही आवे मरियाच्या घंटेने. संध्याकाळच्या आंजेलुसची ही घंटा तारांवर वाजते. ती वाजवण्यात काही कौशल्य दाखवायचे नाही; स्वर येतो, थांबतो, पुन्हा येतो. मग लष्करी बराकींतला ढोल, तोही व्हायोलिनवरच. त्यानंतर ‘आंधळ्या भिकाऱ्यांचा मिन्युएट’. मिन्युएट हा राजवाड्यातला नाच. रेशमी कपडे, मोजकी पावले. बोक्केरीनी तो नाच रस्त्यावर गिटार वाजवून भीक मागणाऱ्या अंधांच्या हाती देतो. चेलोवादकांना तो सूचना करतो की चेलो मांडीवर आडवा घ्या आणि नखांनी तारा छेडा, म्हणजे गिटारसारखा आवाज येईल. राजपुत्राच्या घरी नोकरीला असलेले, चांगले शिकलेले दोन वादक चेलो मांडीवर घेऊन भिकाऱ्यासारखे वाजवीत आहेत, असे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ऐकणाऱ्याला हसू येते. थोड्या वेळाने ते कमी होते, कारण ती चाल खरोखर गोड आहे.

आणि मग येते ‘जपमाळ’. त्या काळी स्पेनच्या शहरांत जपमाळेच्या मिरवणुका रस्त्यावरून निघत, हातात कंदील घेऊन, गात. बोक्केरीनी तेच ऐकवतो. हा भाग अतिशय संथ आहे, आणि इथे त्याने वादकांना एक अजब सूचना दिली आहे : तालाचे बंधन कडकपणे पाळू नका. पाच जणांनी एकत्र वाजवायचे आणि ताल कडक पाळायचा नाही, हे ज्याने कधी वाद्य हाती धरले आहे त्याला विचारा किती अवघड आहे. पण जपमाळ अशीच असते. चाळीस माणसे ‘नमो मरिया’ म्हणत असतात तेव्हा ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे म्हणत नाहीत. म्हाताऱ्या बाया ओळीचा शेवट लांबवतात, मुले आधीच पुढे गेलेली असतात, मागच्या रांगेतला एखादा अर्ध्यावरून शिरतो. आमच्यासारखा धर्मगुरू मायक्रोफोनवरून त्यांना एका चालीत आणायचा प्रयत्न करतो. बोक्केरीनीने तो प्रयत्न केला नाही, आणि आमच्या मते त्याचे बरोबर होते.

जपमाळेनंतर रस्त्यावर मौजमजा करणाऱ्यांचे गाणे येते. 2003 च्या ‘मास्टर अँड कमांडर’ या जहाजावरच्या इंग्रजी चित्रपटाच्या शेवटी कप्तान आणि डॉक्टर व्हायोलिन-चेलोवर वाजवतात ते हेच. प्रार्थना आणि मौज एकाच रस्त्यावर, पाठोपाठ. पुन्हा ढोल. सर्वांत शेवटी गस्तीची तुकडी : लांबून हळूच येते, जवळ येते, आपल्या खिडकीखालून मोठ्याने जाते, आणि हळूहळू ऐकू येईनाशी होते. रात्रीची संचारबंदी सुरू झाली, दारे लावा.

बोक्केरीनीला स्वतःला ही रचना छापावीशी वाटली नाही. स्पेनबाहेर ती निरुपयोगी, किंबहुना हास्यास्पद ठरेल, कारण ऐकणाऱ्यांना तिचा अर्थ कळणार नाही आणि वाजवणाऱ्यांना ती नीट वाजवता येणार नाही, असे त्याने प्रकाशकाला कळवले होते. त्याच्या हयातीत ती छापली गेलीही नाही. माद्रिदमध्येच 1805 साली तो वारला; त्याआधी दोन्ही पत्नी आणि काही मुली त्याने गमावल्या होत्या. आंजेलुसची घंटा आणि जपमाळ ज्यांच्या घरात आहे त्यांना ही रचना कळणार नाही, हे मात्र आम्ही मान्य करणार नाही.

संत ऑगस्टीनची रात्र

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ‘काळ म्हणजे काय’ हा प्रश्न संत ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या अकराव्या भागातून शिकवला गेला. भूतकाळ गेला, भविष्य आले नाही, वर्तमान तर टिकतच नाही. मग आपण काळ मोजतो तो कशात? ऑगस्टीन उदाहरणासाठी मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या एका गीताची पहिली ओळ घेतो. आठ अक्षरे, ऱ्हस्व आणि दीर्घ आलटून पालटून. दीर्घ अक्षर ऱ्हस्वाच्या दुप्पट आहे हे मला कळते, पण मी मोजायला घेतो तेव्हा दोन्ही विरून गेलेली असतात. म्हणजे मी मोजतो ते बाहेर नाही, माझ्या स्मरणात आहे.

आम्ही तेव्हा हे पाठ केले आणि परीक्षेत लिहिले. नवव्या भागाशी ते जोडून पाहणे पुढचे. तिथे ऑगस्टीनची आई, संत मोनिका, 387 मध्ये ओस्तिया बंदरावर वारली आहे. तो रडत नाही, रडू दाबून धरतो. शेवटी झोपतो, आणि जाग येते तेव्हा अंथरुणात एकटा असताना त्याला संत अँब्रोजचे एक गीत आठवते. ते हेच गीत. रात्रीच्या विसाव्याबद्दल देवाचे आभार मानणारे हे संध्याकाळचे गीत आहे. त्यानंतर त्याला रडता येते. काळाचे तत्त्वज्ञान सांगताना त्याने हजार गीतांतून हेच का निवडले असेल, ते ज्याच्या घरात अलीकडे मृत्यू झाला आहे त्याला विचारावे लागणार नाही.

संगीत ऐकणे म्हणजे काय, याचेही उत्तर त्यातच आहे. शब्द नसलेले संगीत ऐकून आम्हाला काही कळत नाही, असे लोक म्हणतात. पण घंटेचा दुसरा ठोका ऐकताना पहिला आपण मनात धरून ठेवलेला असतो. तेवढे जमते त्याला ऐकता येते.

झोप न येणारी पत्नी

एकोणिसाव्या शतकात संगीतातली रात्र रस्त्यावरून घरात गेली. जॉन फील्ड या आयरिश पियानोवादकाने 1812 च्या सुमारास ‘नॉक्टर्न’ नावाच्या रचना छापल्या, शोपँने तो प्रकार जगभर नेला. हा शब्द चर्चला फार आधीपासून ओळखीचा होता : रात्रीच्या प्रार्थनेच्या, म्हणजे मॅटिन्सच्या, विभागांना ‘नॉक्टर्न’ म्हणत. मठातले संन्यासी त्यासाठी झोपेतून उठत. 1971 च्या नव्या प्रार्थनाग्रंथात ती विभागणी राहिली नाही. पियानोवरच्या नॉक्टर्नमध्ये कुणाला उठावे लागत नाही. तिथे एकटा माणूस आपल्या मनाशी बोलतो. आम्हाला ते कधी कधी जरा जास्तच गोड वाटते, हे सांगून पुढे जातो.

पण एक अपवाद करू. रशियातला अलेक्झांडर बोरोदिन पोटापाण्याने रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता, संगीत सुट्टीतले. 1881 मध्ये त्याने चार वाद्यांसाठी आपले दुसरे क्वार्टेट लिहिले आणि पत्नी एकातेरीना हिला अर्पण केले. दोघांची भेट वीस वर्षांपूर्वी जर्मनीत हायडेलबर्गला झाली होती. ती पियानो वाजवीत असे आणि आजारी होती. या क्वार्टेटच्या तिसऱ्या भागाचे नाव ‘नोत्तुर्नो’. आधी चेलो एक लांब चाल गातो, मग तीच चाल व्हायोलिन वरच्या स्वरात गाते, आणि पुढे दोघे एकमेकांच्या मागोमाग तीच चाल म्हणू लागतात. एकाची ओळ पुरी होण्याआधी दुसऱ्याची सुरू.

त्याचा मित्र, संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह, याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की एकातेरीनाला दम्याचा त्रास होता आणि रात्री तिला झोप येत नसे. बोरोदिन तिच्याबरोबर जागा राही. ती सकाळी उशिरापर्यंत झोपे, पण त्याला लवकर उठून कामाला जावे लागे, आणि अपुऱ्या झोपेवरच त्याचे दिवस जात. मित्राने हे थोडे तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. एवढी प्रतिभा, आणि वेळ असा जातो! आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरोघरी जातो तेव्हा दम्याच्या माणसाला पाठीमागे उशी लावून बसवणारे, रात्रभर बरोबर बसणारे नवरे आणि बायका आम्हाला भेटतात. त्यांना कुणी काही अर्पण करीत नाही.

रूपांतराची रात्र

शेवटची रचना कठीण आहे, ऐकायलाही आणि चर्चच्या पत्रकात सांगायलाही. तरी सांगतो. व्हिएन्नाचा आर्नोल्ड शोनबर्ग पंचवीस वर्षांचा असताना, 1899 मध्ये, त्याने दोन व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो यांच्यासाठी ‘फेर्क्लेर्टे नाख्ट’ लिहिले. रिखार्ड डेमेल या जर्मन कवीची एक कविता त्याने आधाराला घेतली. गाणारा कुणी नाही. कवितेचे पाच टप्पे वाद्येच सांगतात.

प्रसंग असा. थंडीच्या रात्री चंद्रप्रकाशात एक पुरुष आणि एक स्त्री ओसाड रानातून चालली आहेत. ती त्याला सांगते की तिच्या पोटात मूल आहे आणि ते त्याचे नाही. आयुष्याला काही अर्थ मिळावा, आई व्हावे, म्हणून ती एका परक्याजवळ गेली, आणि आता हा भेटला. ती अडखळत चालत राहते. संगीत इथे थांबते, वर चढते, तुटते. सहा वाद्यांतून एका बाईची घालमेल ऐकू येते. मग शांतता. आणि त्यानंतर चेलोवर पुरुषाचे उत्तर येते, रुंद आणि उबदार; खिन्न डी मायनरमध्ये सुरू झालेले संगीत त्या क्षणी डी मेजरमध्ये उघडते. तो म्हणतो त्याचा आशय एवढाच की या मुलाचे ओझे मनावर घेऊ नकोस, ते माझेच म्हणून जन्माला घाल. मग दोघे पुढे चालू लागतात, तीच रात्र, तेच रान, पण उजळलेले.

डेमेलची नीती ही आमची नीती नव्हे. त्याच्या कवितांवरून तेव्हाही वादंग माजले होते. शोनबर्ग जन्माने यहुदी, नंतर लुथरन, 1933 मध्ये पुन्हा यहुदी धर्मात परतलेला. पण ‘फेर्क्लेर्ट’ हा शब्द पाहा. प्रभू येशूच्या पर्वतावरील रूपांतराला जर्मन भाषेत जो शब्द आहे तो याच धातूचा. संत लूकच्या शुभवर्तमानात त्या वेळी पेत्र व त्याचे सोबती झोपेने जड झाले होते असे म्हटले आहे आणि ते दुसऱ्या दिवशी डोंगर उतरतात, म्हणून रूपांतराचा प्रसंग रात्रीचा असावा असे काही अभ्यासक मानतात.

आणि संत योसेफ. तुलना जपून केली पाहिजे. पवित्र मरियेच्या ठायी पाप नव्हते, तिच्या उदरातले बाळ पवित्र आत्म्याचे होते, ही आपली श्रद्धा आहे. पण योसेफला ते कळण्याआधीची रात्र मत्तयच्या पहिल्या अध्यायात आहे. त्याला एवढेच ठाऊक होते की मूल आपले नाही. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, आणि त्याच वाक्यात सांगतो की त्याने तिची बेअब्रू न करण्याचे ठरवले. नीतिमान असल्यामुळे तिला चारचौघांत उघडे पाडले असते, तर गावाने त्याला दोष दिला नसता. मग झोपेत देवदूत येतो, आणि जागा झाल्यावर योसेफ तिला घरी आणतो. बोलत काहीच नाही. शुभवर्तमानात त्याचा एकही शब्द नोंदलेला नाही. शोनबर्गच्या रचनेतल्या पुरुषालाही शब्द नाहीत, चेलो आहे.

हे आम्ही इतके लांबवून का सांगतो? कारण अशी बातमी गावात फुटते तेव्हा काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मुलीचे चर्चला येणे बंद होते. आई दुपारच्या वेळी, रस्त्यावर कुणी नसताना, बाजाराला जाते. बाप्तिस्म्याची चौकशी करायला येतात तेव्हा वहीत नाव कसे लिहिणार, हा पहिला प्रश्न असतो, आणि तो हळू आवाजात विचारला जातो. ज्याने त्या मुलीचा हात धरला त्या मुलाला मित्रच काय काय म्हणतात, तेही आमच्या कानांवर येते. त्या घरांत रात्री जाग असते. बाहेर आपण जपमाळ म्हणत त्या दारावरून पुढे जातो, की त्या दाराशी थांबतो?

शोनबर्गची रचना व्हिएन्नातल्या एका संगीतसंस्थेने सादर करायला नकार दिला. त्यातली एक स्वरसंगती त्यांच्या नियमांच्या पुस्तकात नव्हती. 18 मार्च 1902 रोजी ती अखेर वाजली तेव्हा श्रोत्यांतून विरोधाचे आवाज निघाले. डेमेलने ती दहा वर्षांनंतर ऐकली आणि शोनबर्गला लिहिले की आपली कविता संगीतात कुठे कुठे येते ते पाहायचे आपण ठरवले होते, पण ऐकता ऐकता विसरूनच गेलो.

या शनिवारी शेवटच्या वाड्यातली जपमाळ आटोपल्यावर साडेआठ वाजता चर्चच्या सभागृहात आपण बोक्केरीनीची पूर्ण रचना आणि बोरोदिनचा ‘नोत्तुर्नो’ ऐकणार आहोत; दोन्ही मिळून वीस-बावीस मिनिटे लागतील. शोनबर्गची रचना जवळजवळ अर्ध्या तासाची आहे. ज्यांना थांबायचे असेल त्यांच्यासाठी ती नंतर लावू. दिवे मंद असतील, म्हणून वृद्धांनी कुणाला तरी सोबत आणावे. जे अंथरुणाला खिळून आहेत त्यांच्या घरी युवा संघाची मुले रविवारी दुपारी मोबाईल घेऊन जातील. आपल्या घरी यावे असे ज्यांना वाटते त्यांनी पॅरिश कार्यालयात नाव द्यावे, आणि मुलांना घाईने परत पाठवू नये.